इन्फ्लॅमासोम

शरीरात शिरलेल्या सूक्ष्मजंतूंची किंवा कोशिकेस (पेशीस) झालेल्या इजेची वर्दी मिळताच कोशिकेच्या आत अल्पावधीत जुळून येणाऱ्या व शोथाची (दाहयुक्त सुजेची) प्रक्रिया सुरू करणाऱ्या प्रथिनसमूहास इन्फ्लॅमासोम असे म्हणतात. मराठीत त्यास ‘शोथकाय’ म्हणता येईल. हा समूह कोशिकेत कायम तयार स्थितीत नसतो. त्याचे घटक कोशिकाद्रव्यात सुटे व निष्क्रिय असतात आणि ठराविक संकेत मिळाल्यावरच एकत्र येतात. महाभक्षी कोशिका (जंतू व मृत द्रव्य गिळून टाकणाऱ्या मोठ्या कोशिका), इतर काही श्वेत कोशिका, तसेच आतडे, त्वचा व श्वासमार्ग यांच्या अस्तरातील कोशिका यांमध्ये इन्फ्लॅमासोम आढळतात. ते जन्मजात प्रतिरक्षेचा, म्हणजे पूर्वीच्या संसर्गाची ओळख नसतानाही काम करणाऱ्या संरक्षण व्यवस्थेचा, भाग आहेत.

या यंत्रणेचे महत्त्व दुहेरी आहे. ती वेळेवर व मर्यादेत चालली, तर संसर्ग जागच्या जागी आटोक्यात राहतो. ती दडपली गेली, तर जंतू निर्वेध वाढतात. आणि ती अकारण किंवा सतत चालू राहिली, तर जंतू नसतानाही सांधे, फुप्फुसे व रक्तवाहिन्या यांची हानी होते. प्लेगसारखा तीव्र संसर्ग आणि सिलिकोसिस, गाऊट, रोहिणीविलेपी विकार (रोहिण्यांच्या भित्तीत मेदयुक्त थर साठण्याचा विकार) यांसारखे दीर्घकालीन आजार वरवर पाहता असंबद्ध वाटतात. परंतु त्यांच्यामागे बऱ्याच अंशी हीच यंत्रणा असल्याचे एकविसाव्या शतकातील संशोधनातून दिसून आले आहे.

शोध व संज्ञा : लाली, सूज, उष्णता व वेदना ही शोथाची चार लक्षणे रोमन लेखक सेल्सस यांनी इ. स. पहिल्या शतकात नोंदविली होती. ती कशामुळे निर्माण होतात, याचा उलगडा मात्र विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात होऊ लागला. श्वेत कोशिकांतून बाहेर पडणारे एक प्रथिन अत्यल्प मात्रेतही ताप आणते, असे आढळले होते. अमेरिकन वैद्य चार्ल्स डिनारेलो व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७७ मध्ये ते शुद्ध स्वरूपात मिळविले. पुढे त्यास इंटरल्यूकिन–१ हे नाव रूढ झाले व १९८४ मध्ये त्याच्या जनुकाची (आनुवंशिक एककाची) रचना ज्ञात झाली. त्याच्या प्रकारांपैकी ‘बीटा’ हा प्रकार कोशिकेत निष्क्रिय पूर्वरूपात तयार होतो. त्या पूर्वरूपाचा काही भाग कापला गेल्याखेरीज त्यास क्रियाशीलता येत नाही. हे काम करणारे एंझाइम (जीवरासायनिक विक्रियांना चालना देणारे प्रथिन) १९९२ मध्ये ओळखले गेले. त्यास आता कॅस्पेज–१ म्हणतात. हे एंझाइमही एरवी सुप्त असते. मग त्यास जागे कोण करते, हा प्रश्न उरला होता.

या प्रश्नाचे उत्तर स्वित्झर्लंडमधील लोझान विद्यापीठात युर्ग चॉप यांच्या प्रयोगशाळेत मिळाले. फाबिओ मार्टिनॉन, किंबर्ली बर्न्स व चॉप यांनी २००२ मध्ये कॅस्पेज–१ ला सक्रिय करणारा प्रथिनसमूह वर्णिला. शोथाचा वाचक शब्द व ‘सोमा’ (शरीर, काय) हा ग्रीक शब्द यांच्या संयोगातून त्यांनी इन्फ्लॅमासोम ही संज्ञा तयार केली. २००६ मध्ये या संशोधनास वेग आला. त्या वर्षी चॉप यांच्या गटाने गाऊट विकारातील यूरिक अम्लाच्या लवणाचे स्फटिक इन्फ्लॅमासोमला चेतवितात, असे दाखविले. त्याच सुमारास जंतूंचे रिबोन्यूक्लिइक अम्ल व जंतुविषे यांचाही तसाच परिणाम होतो, असे अन्य संशोधकांना आढळले. त्यांमध्ये हैदराबादच्या उस्मानिया विद्यापीठात शिक्षण घेऊन अमेरिकेत संशोधन करणाऱ्या थिरुमला-देवी कन्नेगंटी यांचा समावेश होतो.

रचना : सर्वसाधारण इन्फ्लॅमासोमचे तीन घटक असतात : (१) धोका ओळखणारे संवेदक प्रथिन, (२) जोडणारे प्रथिन व (३) कॅस्पेज–१ हे एंझाइम. जोडणाऱ्या प्रथिनास ‘एएससी’ या आद्याक्षरांनी ओळखतात. ते १९९९ मध्ये जपानी संशोधकांनी प्रथम वर्णिले. संवेदकाने धोका ओळखला की, त्याच्या आकारात बदल होतो व त्याचे अनेक रेणू चक्राकार जुळतात. त्या चक्राच्या आधाराने एएससीचे रेणू तंतूंच्या स्वरूपात एकावर एक रचले जातात व अखेरीस कोशिकेत सु. १ मायक्रोमीटर (मिलीमीटरचा हजारावा भाग) व्यासाचा एक ठिपका तयार होतो. योग्य रंजक द्रव्य वापरल्यास तो साध्या प्रकाशकीय सूक्ष्मदर्शकातूनही दिसतो व एका कोशिकेत बहुधा एकच असतो. या ठिपक्याला चिकटलेले कॅस्पेज–१ चे रेणू परस्परांच्या अगदी निकट येतात, एकमेकांस कापतात व त्यामुळे सक्रिय होतात. पाण्यात एखादा खडा पडावा व साऱ्या विरघळलेल्या द्रव्याचे त्याभोवती स्फटिक बनावेत, तशी ही घटना एकदा सुरू झाली की मध्येच थांबत नाही.

प्रकार : संवेदक प्रथिनावरून इन्फ्लॅमासोमला नाव दिले जाते. एनएलआरसी–४ या प्रकारास दुसऱ्या एका प्रथिनाच्या साहाय्याने जंतूंच्या कशाभिकेतील (चाबकासारख्या हालचाल करणाऱ्या तंतूतील) प्रथिन ओळखता येते. विषमज्वरास (टायफॉइडला) कारणीभूत होणाऱ्या साल्मोनेला गटातील जंतूंविरुद्ध त्याचा उपयोग होतो. एआयएम–२ हा प्रकार कोशिकाद्रव्यात, म्हणजे भलत्याच जागी, आढळणाऱ्या डीएनएला प्रतिसाद देतो. एनएलआरपी–१ हा प्रकार सर्वप्रथम वर्णिला गेला. कॅस्पेज–४ व कॅस्पेज–५ ही एंझाइमे कोणत्याही संवेदकाविना काही जंतूंच्या बाह्यावरणातील मेदशर्करा द्रव्याशी थेट बद्ध होतात.

एनएलआरपी–३ व पायरीन हे दोन प्रकार रोगविज्ञानाच्या दृष्टीने विशेष महत्त्वाचे आहेत. हे दोन्ही संवेदक जंतूला पाहत नाहीत, त्याने केलेली मोडतोड पाहतात. एनएलआरपी–३ कोशिकेतील अंतर्गत बिघाडास प्रतिसाद देतो. कोशिकेतील पोटॅशियम बाहेर गळू लागणे हा अशा बिघाडाचा एक प्रमुख संकेत होय. त्यामुळे जंतुविष, धूलिकण, स्फटिक अशा परस्परांशी कोणतेही रासायनिक साम्य नसलेल्या पदार्थांनी तो चेतविला जातो. पायरीन हे प्रथिन कोशिकेच्या अंतर्गत सांगाड्याचे नियमन करणाऱ्या ‘ऱ्हो’ गटातील प्रथिनांवर लक्ष ठेवते. अनेक जंतू आपली विषे सोडून ही प्रथिने निकामी करतात. तसे होताच पायरीनवरील अटकाव सुटतो व इन्फ्लॅमासोम जुळतो.

कार्यपद्धती : एनएलआरपी–३ ची यंत्रणा सामान्यतः दोन टप्प्यांत चालते. पहिल्या टप्प्यात कोशिकेच्या पृष्ठभागावरील ग्राही प्रथिने जंतूंचे अंश ओळखतात. त्यामुळे इंटरल्यूकिन–१ बीटाचे पूर्वरूप व एनएलआरपी–३ यांची निर्मिती वाढते. ही पूर्वतयारी होय. दुसऱ्या टप्प्यात प्रत्यक्ष इजेचा संकेत मिळाल्यावर इन्फ्लॅमासोम जुळतो. एकट्या पहिल्या संकेताने ही यंत्रणा सुरू होत नाही, या दुहेरी कुलपामुळे किरकोळ कारणांवरून शोथ उद्भवत नाही.

सक्रिय कॅस्पेज–१ दोन कामे करते. एक म्हणजे इंटरल्यूकिन–१ बीटा व इंटरल्यूकिन–१८ यांची पूर्वरूपे कापून ते त्यांना क्रियाशील बनविते. दुसरे म्हणजे गॅसडर्मिन–डी या प्रथिनाचे ते दोन तुकडे करते. त्यांतील एक तुकडा कोशिकापटलात शिरून सु. २० नॅनोमीटर (नॅनोमीटर म्हणजे मायक्रोमीटरचा हजारावा भाग) व्यासाची छिद्रे पाडतो. या छिद्रांतून इंटरल्यूकिन बाहेर पडते, पाणी आत शिरते व अखेरीस कोशिका फुगून फुटते. गॅसडर्मिन–डीचे हे कार्य २०१५ मध्ये चीन व अमेरिका येथील संशोधकांनी स्वतंत्रपणे उघडकीस आणले. अशा दाहक कोशिकामृत्यूस पायरोप्टोसिस म्हणतात. यात कोशिका स्वतःचा नाश करून जंतूंचा आसरा काढून घेते आणि त्याच वेळी शेजारच्या कोशिकांना सावध करते.

बाहेर पडलेले इंटरल्यूकिन–१ बीटा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर क्रिया करते. त्या रुंदावतात, त्यांच्या भित्तींतून द्रव झिरपतो व श्वेत कोशिका गोळा होतात. सेल्सस यांनी वर्णिलेली चार लक्षणे यांतून दिसू लागतात. मेंदूतील तापमान नियंत्रक केंद्रावर त्याचा परिणाम होऊन ताप येतो. यकृतात ‘सी प्रतिक्रियाशील प्रथिन’ तयार होऊ लागते. रक्तातील त्याचे प्रमाण मोजून शरीरातील शोथाचा अंदाज घेतला जातो.

प्लेग व इन्फ्लॅमासोम : जंतू व ही यंत्रणा यांतील संघर्षाचे सर्वांत बोलके उदाहरण प्लेगच्या जंतूचे आहे. महाराष्ट्रास या रोगाचा दीर्घ अनुभव आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. लवकरच साथ पुण्यात व पुढे देशभर पसरली. प्लेगच्या रुग्णांची शुश्रूषा करताना संसर्ग होऊन सावित्रीबाई फुले यांचे १० मार्च १८९७ रोजी निधन झाले. त्याच वर्षी १० जानेवारीस व्हॉल्डेमार हाफकिन यांनी मुंबईत तयार केलेली प्लेगची लस प्रथम स्वतःस टोचून घेतली होती.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात प्लेग भारतातून जवळजवळ नाहीसा झाल्याचे मानले जात असताना मराठवाड्यात तो पुन्हा प्रकटला. ३० सप्टेंबर १९९३ रोजी लातूर जिल्ह्यातील किल्लारी परिसरात मोठा भूकंप झाला. त्यानंतर भीतीपोटी आसपासच्या जिल्ह्यांतील अनेक गावकरी घरे सोडून उघड्यावर किंवा तात्पुरत्या निवाऱ्यात राहू लागले. बंद घरांत साठविलेल्या धान्यावर उंदरांची संख्या बेसुमार वाढली, असे या साथीचे स्पष्टीकरण सामान्यतः दिले जाते. बीड जिल्ह्यातील मामला या गावी ऑगस्ट १९९४ मध्ये उंदीर पडू लागले, पिसवांचा उपद्रव वाढला व सप्टेंबरमध्ये काखेत व जांघेत गाठी येऊन ताप आलेले रुग्ण आढळले. बीड जिल्हा छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) येथे मुख्यालय असलेल्या महसूल विभागात मोडतो. त्याच महिन्यात गुजरातमधील सुरत येथे फुप्फुसाच्या प्लेगची साथ उद्भवली व भयभीत लोकांनी शहर सोडल्याने साऱ्या देशात घबराट पसरली. देशभरात ८७६ संभाव्य रुग्ण व ५४ मृत्यू यांची नोंद झाली. टेट्रासायक्लिनासारखी प्रतिजैव औषधे व पिसवांचा नाश करणाऱ्या कीटकनाशकांची फवारणी यांमुळे साथ लवकर आटोक्यात आली. हा रोग प्लेगच होता का, यावर त्या वेळी वाद झाला होता. पुढे जंतूंच्या जनुकीय तपासणीत येर्सिनिया पेस्टिस हाच जंतू असल्याचे निश्चित झाले.

मामला येथील रुग्णांच्या गाठींत काय घडत होते, हे १९९४ मध्ये कोणासच पूर्णपणे सांगता आले नसते, कारण इन्फ्लॅमासोमची कल्पना तेव्हा अस्तित्वात नव्हती. आता ती प्रक्रिया पुढीलप्रमाणे समजली जाते. पिसवाच्या चाव्यातून जंतू त्वचेत शिरतो व महाभक्षी कोशिका त्यास गिळतात. मानवी शरीराच्या ३७° से. तापमानास तो आपल्या बाह्यावरणातील मेदशर्करा द्रव्याची रचना बदलतो. त्यामुळे पृष्ठभागावरील ग्राही प्रथिनांना त्याची नीट ओळख पटत नाही व यंत्रणेची पूर्वतयारी दुबळी राहते. नंतर सूक्ष्म सुईसारख्या उपांगाने तो कोशिकेत अनेक प्रथिने टोचतो. त्यांपैकी काही ‘ऱ्हो’ प्रथिने निकामी करतात, जेणेकरून कोशिकेला जंतू गिळता येऊ नये. परंतु या कृतीनेच पायरीन जागे व्हावयास हवे. ते टाळण्यासाठी जंतू ‘योप–एम’ नावाचे आणखी एक प्रथिन टोचतो. हे प्रथिन कोशिकेच्याच एंझाइमांना हाताशी धरून पायरीनवरील अटकाव कायम ठेवते. घरफोडी करणाऱ्याने आधी कुत्र्याच्या तोंडाला मुसके बांधावे, तशातलाच हा प्रकार होय. योप–एम नसलेले जंतू प्रयोगातील उंदरांना फारच कमी बाधक ठरतात. मात्र त्याच उंदरांतील पायरीनचे जनुक काढून टाकल्यास ते जंतू पुन्हा घातक होतात.

अशा रीतीने सुरुवातीचा काही काळ कसलाही शोथ न होता जंतू लसीका ग्रंथींत वाढतात. त्यांची संख्या अमर्याद झाल्यावर शोथ एकदम व बेसुमार उसळतो. गाठ तीव्र वेदनेसह सुजते, जंतू रक्तात पसरतात व रक्तदाब कोसळतो. वेळेवर झाला असता तर ज्या शोथाने रुग्ण वाचला असता, तोच उशिरा झाल्याने त्याच्या मृत्यूस हातभार लावतो. प्लेगवर औषधोपचार पहिल्या काही तासांतच सुरू होणे का आवश्यक असते, हे यावरून स्पष्ट होते. [→ प्लेग].

पायरीनच्या जनुकातील काही उत्परिवर्तनांमुळे (आकस्मिक बदलांमुळे) हे प्रथिन अतिसंवेदनशील बनते. त्यातून वारंवार ताप, पोटदुखी व सांधेदुखी यांचे झटके येणारा ‘भूमध्यसागरी कौटुंबिक ज्वर’ हा आनुवंशिक विकार होतो. भूमध्य समुद्राच्या पूर्वेकडील तुर्क, अर्मेनियन, अरब व ज्यू समाजांत ही उत्परिवर्तने पुष्कळ आढळतात. अशा व्यक्तींच्या श्वेत कोशिका प्लेगच्या जंतूला अधिक जोमाने प्रतिसाद देतात, असे २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात दिसले. प्राचीन साथींत असे लोक अधिक प्रमाणात वाचले असावेत व म्हणून हे दोषयुक्त जनुक त्या प्रदेशात टिकून राहिले असावे, असा त्यावरून तर्क केला जातो.

खनिज धूळ : जंतूंचा काहीही संबंध नसताना इन्फ्लॅमासोम कसा घातक ठरतो, हे सिलिकोसिस या फुप्फुसाच्या रोगावरून कळते. दगड फोडणे, घासणे किंवा छिद्रे पाडणे यांमुळे उडणाऱ्या धुळीतील काही मायक्रोमीटर आकाराचे स्फटिकी सिलिकेचे कण वायुकोशांपर्यंत पोचतात. महाभक्षी कोशिका ते गिळतात, परंतु त्यांचे पचन होऊ शकत नाही. त्यांना वेढणाऱ्या, पाचक एंझाइमांनी भरलेल्या पिशव्या फाटतात व त्या इजेने एनएलआरपी–३ चेतविला जातो. कोशिका मरते, कण मोकळा होतो, दुसरी कोशिका तो गिळते व तीही मरते. हे चक्र धुळीशी संबंध संपल्यावरही वर्षानुवर्षे चालू राहते. सततच्या शोथाने फुप्फुसात तंतुमय गाठी बनतात व श्वसनक्षमता घटते. सिलिका व ॲस्बेस्टस यांची ही क्रिया २००८ मध्ये अनेक प्रयोगशाळांनी सिद्ध केली. सिलिकोसिसच्या रोग्यास क्षयरोग होण्याचा धोकाही वाढतो.

या संदर्भात खडकाचा प्रकार महत्त्वाचा ठरतो. छत्रपती संभाजीनगर परिसरातील वेरूळ व अजिंठा येथील लेणी ज्या बेसाल्ट खडकात कोरलेली आहेत, त्याच्या वजनाचा सु. निम्मा भाग सिलिका असतो. तथापि ती जवळजवळ सर्व इतर मूलद्रव्यांशी संयोग पावून सिलिकेट खनिजांत बद्ध असते. स्फटिकी मुक्त सिलिका त्यात अत्यल्प असते. त्यामुळे वालुकाश्म किंवा क्वॉर्ट्‌झ यांच्या धुळीइतकी बेसाल्टची धूळ सिलिकोसिसकारक नसते. मात्र ती निर्धोकही नसते. कोणतीही बारीक धूळ दीर्घकाळ श्वासावाटे गेल्यास श्वासमार्गाचे विकार होतात. शिवाय याच बेसाल्टच्या पोकळ्यांत क्वॉर्ट्‌झ व अकीक (ॲगेट) तयार झालेले असतात व ते जवळजवळ शुद्ध सिलिकाच असतात. दख्खनच्या या खडकांतून निघालेल्या अकिकास गुजरातमधील खंबात येथे घासून पैलू पाडले जातात. तो व्यवसाय पुष्कळसा घरगुती असल्याने कारागिरांबरोबर त्यांच्या कुटुंबीयांतही सिलिकोसिस आढळला आहे. मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवरील पेन्सिली कापणाऱ्या कामगारांतही हा रोग मोठ्या प्रमाणात आढळला होता. या रोगातील फुप्फुसाची हानी भरून काढणारे औषध उपलब्ध नाही. दगडावर पाणी सोडून काम करणे, धूळ शोषून घेणारी यंत्रे बसविणे व योग्य मुखवटे वापरणे हाच खरा उपाय होय.

गाऊट व कळलावी : रक्तातील यूरिक अम्लाचे प्रमाण वाढल्यास त्याच्या सोडियम लवणाचे सुईसारखे स्फटिक सांध्यात, विशेषतः पायाच्या अंगठ्याच्या मुळाशी, साठतात. महाभक्षी कोशिकांनी ते गिळताच एनएलआरपी–३ चेतविला जातो आणि एका रात्रीत सांधा लाल होऊन असह्य वेदना सुरू होतात. या विकारावर फार पूर्वीपासून वापरले जाणारे कॉल्चिसीन हे अल्कलॉइड १८२० मध्ये फ्रान्समधील पेल्त्ये व काव्हांतू यांनी कॉल्चिकम या वनस्पतीपासून वेगळे केले. महाराष्ट्रात पावसाळ्यात झुडपांवर व कुंपणांवर चढणाऱ्या, लालपिवळ्या फुलांच्या कळलावी या वेलीच्या कंदांत व बियांतही ते असते. कळलावी अत्यंत विषारी असून तिचे घरगुती सेवन प्राणघातक ठरते. [→ कळलावी].

कॉल्चिसीन कोशिकेतील सूक्ष्मनलिकांची जुळणी रोखते. त्यामुळे इन्फ्लॅमासोमच्या घटकांचे एकत्र येणे मंदावते व श्वेत कोशिकांची सांध्याकडे होणारी हालचालही कमी होते. तसेच सूक्ष्मनलिका सुटल्याने ‘ऱ्हो’ प्रथिने अधिक सक्रिय होतात व पायरीनवरील अटकाव दृढ होतो. भूमध्यसागरी कौटुंबिक ज्वरावर हे औषध १९७२ पासून गुणकारी का ठरत आले, याचे कारण अशा रीतीने सु. चार दशकांनंतर कळले.

इतर विकार : रोहिण्यांच्या भित्तींत साठणाऱ्या कोलेस्टेरॉलाचे सूक्ष्म स्फटिकही एनएलआरपी–३ ला चेतवितात, असे २०१० मध्ये आढळले. त्यामुळे हृदयविकार हा केवळ मेदसंचयाचा नव्हे, तर शोथाचाही विकार आहे, या मतास बळकटी आली. मधुमेहाच्या दुसऱ्या प्रकारात अग्निपिंडात साठणारे एक प्रथिन व अल्झायमर रोगात मेंदूत साठणारे ॲमिलॉइड प्रथिन यांचाही असाच परिणाम होतो. हिवतापात रक्तातील हीमोग्लोबिनापासून परजीवीने बनविलेले रंगद्रव्य स्फटिकरूप असते व तेही या यंत्रणेस जागे करते. २०२० मध्ये कोविड–१९ च्या तीव्र रुग्णांच्या रक्तकोशिकांत व फुप्फुसांत एनएलआरपी–३ सक्रिय असल्याचे दिसून आले. रुग्णाची प्रकृती अनेकदा संसर्गाच्या दुसऱ्या आठवड्यात, व्हायरसचे प्रमाण घटत असताना, बिघडत असे. त्यामागील कारणांपैकी हा अनावर शोथ एक मानला जातो. एनएलआरपी–३ च्या जनुकातील उत्परिवर्तनांमुळे थंडी लागताच ताप व पुरळ येणे, बहिरेपणा येणे यांसारखे दुर्मिळ आनुवंशिक विकार होतात. हा संबंध २००१ मध्ये उघड झाला.

उपचार : इंटरल्यूकिन–१ ला अडविणारी ॲनाकिन्रा, रिलोनासेप्ट व कॅनाकिन्युमॅब ही औषधे अनुक्रमे २००१, २००८ व २००९ पासून वापरात आली. वर उल्लेखिलेल्या आनुवंशिक विकारांत त्यांचा परिणाम इतका ठळक असतो की, अनेक वर्षांची लक्षणे थोड्याच दिवसांत ओसरतात. हृदयविकाराचा झटका येऊन गेलेल्या १०,०६१ रुग्णांवर कॅनाकिन्युमॅबची मोठी चाचणी घेण्यात आली. तिचे निष्कर्ष २०१७ मध्ये प्रसिद्ध झाले. कोलेस्टेरॉल कमी न होताही मध्यम मात्रेच्या गटात हृदयविकाराचा झटका, पक्षाघात व हृदयविकारजन्य मृत्यू यांचा एकत्रित धोका सु. १५ टक्क्यांनी घटला. परंतु औषध घेणाऱ्यांत जंतुसंसर्गाने झालेल्या मृत्यूंचे प्रमाण वाढल्याचेही दिसून आले. स्वस्त अशा कॉल्चिसिनाच्या अल्प मात्रेचा उपयोग हृदयविकारात होतो, असे २०१९ व २०२० मधील चाचण्यांत आढळले व २०२३ मध्ये अमेरिकेत त्यास या कारणासाठी मान्यता मिळाली. २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत मात्र झटक्यानंतर लगेच दिलेल्या कॉल्चिसिनाचा लाभ दिसला नाही. एनएलआरपी–३ ला थेट रोखणारी, तोंडाने घेता येणारी संयुगे तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. तसे केल्याने इतर संवेदक मोकळे राहतील व संसर्गाविरुद्धचे संरक्षण कमी प्रमाणात घटेल, अशी त्यामागील अपेक्षा आहे.

भारतासारख्या देशात या उपचारांचा विचार करताना एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. येथे क्षयरोगाचा जंतू असंख्य व्यक्तींच्या शरीरात सुप्तावस्थेत असतो आणि त्यास काबूत ठेवण्यात इंटरल्यूकिन–१ चाही वाटा असल्याचे प्राण्यांवरील प्रयोगांवरून दिसते. म्हणून शोथ दडपणारे औषध देण्यापूर्वी सुप्त क्षयरोगाची तपासणी केली जाते. सांध्याचा किंवा हृदयाचा दाह शमविताना फुप्फुसातील पहारा उठू नये, एवढे साधणे हे या क्षेत्रातील उपचारांपुढील मुख्य उद्दिष्ट आहे.